सिस्टरांचे तीन महिने

सिस्टरांनी आमच्या फ्लॅटमधलं कपाट कधी वापरलं नाही. सिल्व्हर पार्कमधलं, आमच्याच इमारतीतलं ते घर आईच्या पश्चात मी सामानासकट भाड्याने देतो, बहुतेक वेळा कंत्राटावर येणाऱ्या नर्सना. पलंग, फ्रिज, गॅस, बारा चमचे. सगळ्याची यादी दारामागे चिकटवलेली. बाकीच्या जणी आल्या दिवशीच कपाट भरतात. सिस्टरांची बॅग मात्र पलंगाशेजारी उघडी असायची. त्यातूनच काढायचं, घडी करून त्यातच ठेवायचं. "कपडे लावले की निघताना जिवावर येतं, दादा," त्या म्हणायच्या.

त्या मूळच्या लांज्याच्या, डायलिसिसचं काम करायच्या. हॉस्पिटलचं पत्र तीन महिन्यांचं यायचं आणि पुढचं मिळणार की नाही, ते शेवटच्या आठवड्यात कळायचं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा आधी विरोध होता. "फॅमिली को दो ना," म्हणाले. पंधरा दिवसांत तेच प्रेशर तपासून घ्यायला सिस्टरांच्या दारात उभे.

"अचार बंद किया क्या, काका?"

"थोडासा ही खाता हूँ, सिस्टर."

"बरणी लेके आओ. थोडा कितना होता है, देखते हैं."

दुसऱ्या पत्रानंतर, मार्चमध्ये, त्यांनी एकदाच माझ्याकडे काही मागितलं. मुलगी आजीकडे लांज्याला होती, पाचवीत जाणार होती. इथे जवळच, हाटकेशच्या शाळेत जागा होती, पण शाळेला अकरा महिन्यांचा नोंदवलेला भाडेकरार हवा होता.

मी पत्र पुन्हा वाचलं. "सिस्टर, तुमची नोकरी कागदावर तीन महिन्यांची. मी अकरा कसे लिहू?"

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या आणि पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. महिन्याच्या नोटिशीचं कलम घालून अकरा लिहिता आले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण जे कागदावर नाही ते लिहायचं नाही, ही माझी जुनी सवय.

बायको रात्री जेवताना म्हणाली, "लिहिलं असतंत तर काय घर उचलून नेणार होती ती?" मी आमटी वाढून घेतली.

त्यानंतर सिस्टरांना आणखी दोन पत्रं आली. म्हणजे तीन-तीन करत त्या पूर्ण वर्षभर राहिल्या आणि मुलगी ते वर्षभर लांज्यालाच. रोज कामावरून आल्या की फोनवर तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या. जिन्यात ऐकू यायचं.

पाचवं पत्र आलं नाही. कोल्हापूरचं काम मिळालं. निघताना त्यांनी स्वतःच यादी वाचून एकेक वस्तू दाखवली, चमचेसुद्धा मोजून दिले. "मुलीला नेताय ना तिकडे?" मी विचारलं.

"ती आता नको म्हणते, दादा. आजीची सवय झालीय."

हल्ली येईल त्या नर्सला मी आधीच सांगतो, करार अकरा महिन्यांचा करू. "कशाला?" त्या म्हणतात. "तीन महिने तर राहायचंय."