डमी लोड गरम होता

निवृत्तीनंतर मी हौशी रेडिओचा परवाना काढला. या विद्येत मला हाताला धरून शिकवणारे गृहस्थ कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्यांजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवतात. घराणे जुने, इंदूरचेच. सुरू झालेले वाक्य मराठीत संपेल की हिंदीत, हे सांगता येऊ नये. मी नोकरीनिमित्त पुण्याकडून आलेला भौतिकशास्त्राचा शिक्षक. त्यांचे बोलणे मी मनातल्या मनात लाल शाईने तपासत असे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले.

रोज सकाळी आठ वाजता आम्ही दहा-बारा जण एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतो. त्याला नेट म्हणतात. हजेरी ते घेतात. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. आणि बोलणाऱ्याला तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचेही काही ऐकू येत नाही.

त्या दिवशी मला रेडिओ यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी फोनवर बजावले होते, "सरजी, पहले एंटेना काढा. डमी लोड लावा. फिर केबल. उलटं नका करू, भिया, गडबड होऊन जाईल."

डमी लोड म्हणजे चाचणीच्या वेळी अँटेनाच्या जागी लावायचा डबा. रेडिओने पाठवलेली शक्ती तो उष्णतेत मुरवतो. बाहेर जवळजवळ काही जात नाही. मला हसू आले. केबल संगणकाची, तिचा अँटेनाशी संबंध काय?

सकाळी मी ड्रायव्हर टाकला, पोर्टचा क्रमांक तपासला, प्रत्येक पायरी वहीत लिहिली. केबल लावून प्रोग्रॅममधून पोर्ट उघडले. पडद्यावर फ्रिक्वेन्सीचे आकडे काही उमटेनात. पत्नी चहा घेऊन आली.

"त्यांना विचारा ना एकदा."

"त्यांना काय विचारायचं? टीव्हीची खोकी उघडणारा माणूस. धड एक वाक्य मराठीत बोलता येत नाही, आणि मला सीरियल पोर्ट शिकवणार!"

"हळू बोला."

"का? कोण ऐकतंय इथे?"

"अहो, पण तो लाल दिवा कशाला लागलाय?"

लाल दिवा प्रक्षेपणाचा. सीरियल जोडणीत माहितीच्या तारांखेरीज आरटीएस नावाची एक इशाऱ्याची तार असते. पोर्ट उघडताच संगणक तो इशारा देतो, आणि माझ्या रेडिओच्या सेटिंगमध्ये त्याचा अर्थ होता: बोला. मायक्रोफोन टेबलावर होता, रेडिओ नेटच्याच फ्रिक्वेन्सीवर. घड्याळात सव्वाआठ.

मी केबल उपटली. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, नेहमीचाच.

"सरजी, मेन्यूत आरटीएस ऑफ करून टाका. होऊन जातं असं. चला, अगला स्टेशन."

दुपारी मी दुकानात गेलो. ते एका ॲम्प्लिफायरवर वाकले होते. मी माफी मागितली. त्यांनी मान वर केली नाही.

"दुकानात येऊन का सांगता, सरजी? बोललात तर नेटवर ना." मग एक स्क्रू पिळत, "लोड लावला आता?"

"लावतो."

त्याच संध्याकाळी तो लावला, सेटिंग बदलले, चाचणी घेतली. नंतर माफीची तीन वाक्ये कागदावर लिहिली. दोनदा सुधारली. एकही हिंदी शब्द राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी त्यांचा आवाज फार बारीक येत होता, बाकीच्यांचा तर येतच नव्हता. हवामान ठीक नसेल, असे मी मानले. माझी पाळी येताच बटण दाबून तिन्ही वाक्ये वाचली आणि बटण सोडले.

"सरजी आज आले नाहीत वाटतं," तो बारीक आवाज म्हणाला आणि पुढे गेला.

मी रेडिओमागे हात घातला. डमी लोड गरम लागला. अँटेना शेजारी सुटी पडली होती. आवाज बारीक का, हे विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला विचारले असते.

आणि त्याहून लाजिरवाणे हे की मला क्षणभर हायसे वाटले. मागायची ती माफी मागून झाली होती. कोणाच्या कानावर गेली नाही, एवढेच. तसाच उठून चहा प्यायलो असतो, तर कोणी मला पकडले नसते.

मी अँटेना जोडली. त्यांचा आवाज एकदम खोलीभर झाला. नेट संपत आले होते.

"कोणी लेट चेक-इन?"

कागद कुठे ठेवला ते आठवेना. मी बटण दाबले.

"भिया," मी म्हणालो. इंदूरकरांचा हा 'भैया' मी आजवर कधी उच्चारला नव्हता. "काल जे बोललो, ते मला शोभलं नाही. गलती माझी. हे सगळं मला शिकवलं तुम्हीच."

बटण सोडले.

"रोजर, सरजी. सिग्नल एकदम साफ आहे." मग, "मराठी जरा बिगडली."

मला हसता आले नाही. वहीत काल सकाळच्या नोंदीपुढचा शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला होता. तिथे लिहिले: सर्वांना स्पष्ट ऐकू गेले.