शुक्रवारची अपडेट्स

हातखंब्याच्या नाक्याजवळ आम्ही दोघांनी कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा आमच्याकडची सगळी मशीन्स जुनी होती आणि इंटरनेट असं, की जरा वारा सुटला तरी जायचं. मशीन्सवर लिनक्स होतं. प्रत्येक मशीन अपडेटसाठी सॉफ्टवेअरच्या त्याच त्या फाइली वेगवेगळ्या उतरवायला लागलं की मुलांचा तास फुकट जायचा.

माझा भागीदार दाभोळचा, मच्छीमाराच्या घरातला, कॉलेजपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "बाजारात एकानेच जायचं, घरी येऊन वाटायचं." कोपऱ्यातल्या मशीनवर त्याने तशी सोय केली. फाइली बाहेरून तिथे एकदाच उतरायच्या आणि बाकीची मशीन्स केबलवरून तिथून घ्यायची. सगळीकडे सॉफ्टवेअर एकसारखं राहायचं.

पुढे एका क्लासवर दोन घरं चालेनात. त्याने आखातात नोकरी धरली.

"ते मशीन मला शिकवून जा," मी म्हटलं.

"राहू दे रे. तिथून मीच बघीन. तेवढंच इथलं काहीतरी हातात राहील."

आणि खरंच, दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, तो तिकडून नेटवरून आमच्या मशीनवर यायचा. अडकलेली फाइल सोडवायचा, जागा भरत आली की जुन्या फाइली काढायचा. काम झालं की मेसेज टाकायचा, "सगळी सारखी झाली. जेवलास का?" फोनवर आम्ही फारसे बोलत नव्हतो.

एका शुक्रवारी मेसेज आला नाही. कामात असेल, असं मला वाटलं. नंतर मशीन्सना नव्या फाइली मिळेनात. कोपऱ्यातल्या मशीनची डिस्क गच्च भरली होती. तो असं कधी होऊ देत नसे. त्याचा फोन बंद लागला, म्हणून मी दाभोळला त्याच्या बायकोला लावला.

"ते हॉस्पिटलात आहेत," भाभी म्हणाली. "डोक्यात रक्तस्राव झालाय. डोळे उघडत नाहीत."

"मला कळवायचंत तरी."

"आम्हालाच उशिरा कळलं, भाऊ."

तो गेला. दफनही तिकडेच झालं. घरच्या कुणाला माती द्यायलासुद्धा मिळाली नाही.

मी दाभोळला गेलो, तेव्हा त्याच्या आईने मला जवळ बसवलं.

"शुक्रवारी माझ्याशी बोलायचा," त्या म्हणाल्या. "मग म्हणायचा, अम्मा, ठेवतो आता, क्लासात जायचंय. तिथे कसला क्लास होता त्याचा?"

"तिथे नव्हता, अम्मा. आपल्या हातखंब्याच्याच क्लासात यायचा तो. तिथे बसून इथली मशीन्स नीट करायचा."

त्यांनी पदर तोंडाला लावला. भाभी आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

कोपऱ्यातल्या मशीनची डिस्क आता मी साफ करतो, चुकतमाकत. एखादं मशीन मागे राहून जातं.