दहा हॉर्सपॉवरचा षड्ज

नाद हेच ब्रह्म, असं जाणकार सांगतात आणि ते मला मान्य आहे. आमच्या गावातलं ब्रह्म दहा हॉर्सपॉवरचं आहे आणि थ्री फेज असेल तरच प्रकट होतं.

ही आमची पिठाची गिरणी. जळकोटजवळ, हायवेपासून थोडं आत, महादेवाच्या देवळाच्या भिंतीला भिंत लावून उभी. मला आवडणारे आवाज तसे पुष्कळ आहेत. आई भाकरी थापते तेव्हा परातीत जो ठेका चालतो त्याची सम तव्यावर पडते, आणि ती अजून एकदाही चुकलेली नाही. पुढं ऐकलेल्या सगळ्याच तबलजींबद्दल मला असं म्हणता येणार नाही. उमरग्याकडं जाणारा ट्रक हॉर्न वाजवत पुढं निघून गेला की त्याचा सूर जसा अलगद घसरतो, तशी मींड घेता यावी म्हणून लोक बारा बारा वर्षं गुरूचे पाय चेपतात. पण गिरणी ती गिरणी. तिचा पट्टा फिरायला लागला की मला आपोआप गावंसं वाटतं.

यात माझा दोष नाही. दर सोमवारी संध्याकाळी देवळात भजन असतं आणि नेमकं तेव्हाच शेजारी दळण चालू असतं. पूर्वी भजनी मंडळाकडं पेटी होती. तिचा भाता उंदरांनी खाल्ला. नवी घेऊ, नवी घेऊ म्हणण्यात काही वर्षं गेली आणि मग लक्षात आलं की पेटीवाचून काहीच अडलेलं नाही. सूर गिरणी देत होती. मंडळाच्या पुढं बसून गाणारे माझे थोरले चुलते. गिरणी सुरू झाली की ते डोळे मिटत, क्षणभर कान देत आणि तोच सूर उचलत. पाहुण्यांना ती ध्यानधारणा वाटे.

ज्वारी ओतली की भार पडून गिरणीचा आवाज किंचित उतरतो. दळण संपून दगड मोकळा फिरायला लागला की चढतो. आमचं मंडळही त्याप्रमाणं उतरायचं आणि चढायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

बिंग फोडलं चुलत्यांच्या जावयानं. तो नळदुर्गला शिक्षक, गाण्याच्या परीक्षा दिलेला. लग्न झाल्यापासून दर सोमवारी येऊन निमूट टाळ वाजवणारा. एका सोमवारी लाईट गेली, गिरणी थांबली आणि आमचं भजन जितकी तोंडं तितक्या सुरांत पांगलं. तेव्हा तो म्हणाला, "मामा, गाते ती गिरणी. तुम्ही आपले तिच्या मागं मागं जाता."

जावयाला उलटून बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. चुलत्यांनी टाळ खाली ठेवले आणि जाहीर केलं की उमरग्याच्या भजन स्पर्धेत मंडळाला बक्षीस आलं नाही, तर पुढची जागा जावईबापूंची. आपण मागं बसू. तीस वर्षं पुढं बसलेल्या माणसाच्या तोंडून हे निघालं तेव्हा जावयाच्या बोलण्यावर हसणाऱ्यांनीही आपापले टाळ खाली ठेवले. घरी चुलतीनं विचारलं, मागं तरी कशाला बसता, दळण आणायला जात जा. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, हेही तिनंच मला सांगितलं.

आता उमरग्याला गिरणी नेणार कशी? जावयानं मोबाईलमधला तानपुरा ऐकवला. चुलत्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "पर ह्यात पीठ न्हाय."

मग मीच एका दुपारी मोबाईल घेऊन गिरणीत बसलो, आवाज भरून घेतला आणि भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी आलो.

स्पर्धेत तो आवाज स्पीकरवर सोडला. पहिली दोन पदं सुरेख झाली. एका परीक्षकानं डोळे मिटले. तिसऱ्या पदाच्या मध्यावर रेकॉर्डिंगमधली ज्वारी संपली. तेवढा भाग कापायचा राहिलाय, हे मला तेव्हा आठवलं. आवाज चढला. चुलते चढले, मंडळ चढलं, आणि त्यांच्याबरोबर, अगदी त्याच क्षणी, परीक्षा दिलेला जावईही चढला. मी त्याच्याकडंच बघत होतो. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. पाठोपाठ स्पीकरमधून गिरणीवाल्याचा स्वच्छ आवाज आला, "कुणाची ज्वारी हाय ही? झाली, न्या."

त्या परीक्षकानं डोळे उघडले.

आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. उत्तेजनार्थ म्हणजे बक्षीस धरायचं की नाही, हे ठरवायचा हक्क जावयाचा होता आणि परतताना चुलते जीपच्या खिडकीबाहेर बघत त्याच्या निकालाची वाट पाहत होते. जळकोट आलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, पुढं तुम्हीच बसा. मला बी आता गिरणी लागतीय."

त्या रात्री चुलते दोन भाकरी जास्त जेवले.

सुराचा मान सुराला, म्हणून प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून त्यांनी गिरणीत टांगलं. आठवड्याभरात काचेवर पीठ बसलं. गिरणीवाल्यानं त्यावर बोटानं लिहिलं आहे: इथं मिरची दळून मिळणार नाही.