सूर्याकडे पाठ करून

इतर फोटोवाले गिऱ्हाइकाला सूर्याकडे तोंड करून उभे करीत आणि वर बजावत, डोळे मिचकावू नका. आमच्या कुंभार पिंपळगावचे चाचा त्याला सूर्याकडे पाठ करून बसवत आणि भर उजेडात चेहऱ्यावर फ्लॅश मारत. म्हणून गाव त्यांना उलटे चाचा म्हणे. बाजाराला आलेला कुणीतरी हमखास विचारी, "चाचा, दिवसा बत्ती लावून राह्यले का?" चाचा म्हणत, "सूरज मागं उभा हाय. समोर कुणीतरी लागतं का न्हाई?"

माझा सगळ्याच फोटोवाल्यांवर राग होता. माझी ताई काळीसावळी. लग्नासाठी बाहेरगावच्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढला, तर पावडरचे थर देऊन तिला पिठासारखी पांढरी केली. तो फोटो पाहून पाहुणे आले. ताईने पोहे पुढे केले, तेव्हा मुलाच्या मामाने विचारले, "फोटोतली मुलगी कुठंय?" त्या दिवसापासून ताईने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रके जास्त. वडिलांनी मला गणितसुद्धा पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर शिकवले. मीही एक लिहिले: 'मुलींना चुना फासणारे फ्लॅशवाले'. दोनशे प्रती काढल्या, बाजाराच्या दिवशी चाचांच्या दारात वाटायला. वडील एवढेच म्हणाले, "ज्याच्या दारात वाटणार, त्याला आधी वाचून दाखव."

म्हणून गेले. ताई आली ती फोटोसाठी नव्हे, माझी जीभ आवरायला.

चाचांनी उभ्याउभ्या सगळे ऐकले. "लिहिलं बराबर. पन फ्लॅश रंग न्हाई बदलत, बेटा. सावली उचलतो फक्त." मग ताईकडे वळले. "पावडर लावून आलीस?" बाहेर पडायचे म्हणून तिने लावलीच होती. "धू. फ्लॅश पावडरवरच आपटतो, चेहरा राहतो मागं."

दुकानामागच्या उसाच्या बांधावर त्यांनी तिला बसवले. सूर्य शेंड्यांच्या हातभर वर राहीपर्यंत थांबले. उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशवर आपला पांढरा रुमाल दुहेरी करून बांधला.

"चाचा, मी काळीच दिसणार," ताई म्हणाली.

"मंग काय दुसरीचा फोटो काढू?"

ताई खुदकन हसली, आणि फ्लॅश लखलखला.

रोल जालन्याला धुवायला गेला. आठ दिवस मला अन्न गोड लागेना. हाही फोटो पांढराफटक निघाला असता, तर आमच्या घरातला आरसा कायमचा भिंतीकडेच राहिला असता.

फोटो आला. केसांच्या कडेला सोनेरी रेघ, खांद्यावर सूर्याचा एक गोल ठिपका, आणि मधे ताई: काळी, हसरी, हुबेहूब. ठिपक्याबद्दल मी कुरकुरले. चाचा म्हणाले, "राहू दे. सूरज आल्ता, त्याची निशाणी हाय."

घरी येऊन ताईने आरसा सरळ केला. मला इतके हलके वाटले, की मी उंबऱ्यावर बसूनच राहिले. पुढे मंठ्याहून पाहुणे आले. मुलाच्या आईने फोटो ताईशेजारी धरला आणि म्हणाली, "हीच की." (मुलगी दाखवायच्या त्या पोह्यांवरही माझे एक पत्रक तयार होते, ते मी आवरले.)

दोनशे प्रतींचा गठ्ठा मी चाचांकडे नेला; म्हटले, जाळून टाका. त्यांनी कागद बोटांनी चाचपला. "चांगला हाय की." आणि गिऱ्हाइकांचे फोटो ते त्यातच गुंडाळून देऊ लागले, कोरी बाजू बाहेर.

चाचांना जाऊन बरीच वर्षे झाली. अजूनही गावात कुणी जुने फोटो दाखवायला काढले, की घडीच्या आतून माझे एखादे जळजळीत वाक्य निघते, आणि त्याच्या पोटात कुणाची तरी सावळी मुलगी सूर्याकडे पाठ करून हसत असते.