बिनबोल्टाची नंबर प्लेट

गाडीची चाबी मी बाबांपासून लपवून ठेवायचो. गाडी त्यांचीच, जुनी स्कूटर. नोकरीची सगळी वर्षं ते तिच्यावरून वाडीहून हिंगण्याला पहिल्या शिफ्टला गेले. तिथल्या कारखान्यात बसच्या बॉड्या बांधल्या जायच्या, आणि बाबा त्यांच्या पत्र्यांना रिपिटा, म्हणजे रिव्हेट, मारायचे. रिटायर झाल्यावर चार वर्षांनी एका सकाळी ते उठले, युनिफॉर्म चढवला आणि 'ड्युटीवर' निघाले. हिंगण्याऐवजी अमरावती रोडनं सरळ कोंढाळीपर्यंत गेले. ढाब्यावर गोंधळून बसलेले पाहून एका ट्रकवाल्यानं त्यांच्या खिशातल्या डायरीवरून मला फोन केला. त्या दिवसापासून चाबी माझ्या खिशात आली. रोज सकाळी ते मागायचे, मी नाही म्हणायचो. माझा स्वभाव तापट. चोराशी बोलावं तसा मी त्यांच्याशी बोललोय, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सदर भागातल्या डॉक्टरांनी त्यांना वार विचारला होता. "आज लाइनची सुट्टी," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. पण कारखान्याला सुट्टी असायची बुधवारी, आणि त्या दिवशी बुधवारच होता. आई आणि मी तेवढ्यावर आठवडाभर खूश होतो. डॉक्टरलाच काही कळत नाही, असंही आम्ही ठरवून टाकलं.

मग सगळ्या जुन्या गाड्यांना नवीन नंबर प्लेट लावायचा हुकूम निघाला. मी सेंटरवर जाऊन लावून आणली. तिथल्या माणसानं बोल्ट घातलेच नाहीत, दोन लॉक दाबून बसवले. "एकदा दाबलं का जिंदगीभर निघत नाही," तो म्हणाला. खोटं नव्हतं. लॉक निघाले नाहीत, त्यांच्या मागचा मडगार्डचा गंजका पत्राच फाटला. वाडीत गोदामांसमोरच्या खड्ड्यांतून रोज जायचं म्हणजे गाडीची हाडं खिळखिळी होणारच. प्लेट एका बाजूनं लोंबायला लागली. मी तिला तार गुंडाळली आणि विषय संपवला.

बाबांनी ती तार पाहिली.

"हे काय करून ठेवलं गा?"

"तार बांधली, बाबा."

"ते दिसून राहिलं मले. काहून बांधली? रिपिटवाल्याच्या घरी तार?"

"बरं, बोल्ट लावतो."

अळणी वरण तोंडात आल्यासारखा चेहरा केला त्यांनी. "बोल्ट! या रोडवर हप्ताभर टिकत नाही बोल्ट. पेटी आण माझी."

मला ऑफिसला उशीर होत होता. "तुमाले सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही," मी ओरडलो, "अन् रिपिट मारता?"

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मारली तं चाबी देशील?"

"देईन. सरळ अन् पक्की बसली तं आत्ताच देईन."

जमणार नाही याची मला खात्री होती, म्हणूनच बोललो. चहाचा कप धरतानाही त्यांचे हात कापायचे.

त्यांनी फाटक्या पत्र्यामागे ॲल्युमिनियमची नवी पट्टी धरली, हाताच्या ड्रिलनं चार भोकं पाडली. बाहेरून रिपिटेच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचं काम मला दिलं. स्वतः चाकाच्या बाजूनं, आतून हातोडी चालवायला बसले. थोड्या वेळानं थांबून त्यांनी पत्र्यावर एकच ठोका दिला. मी तसाच.

"सरक ना गा पुढं!"

कारखान्यात इतका आवाज असायचा की पत्र्याच्या दोन बाजूंची माणसं हातोडीनंच बोलायची. एक ठोका म्हणजे पुढच्या रिपिटेवर जा. तीन म्हणजे बिघडली, तोडा. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मला माहीतच आहे. तिसरी रिपिट जरा तिरपी बसली. मला तर ती दिसलीही नसती. त्यांनी बोट फिरवलं, तीन ठोके दिले, छिन्नीनं ती उडवली आणि दुसरी मारली. हात अजिबात कापत नव्हता.

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. रोज सकाळी मी त्यांना काय काय बोललो ते सगळं आठवलं. दुधाच्या बूथपर्यंत जाऊ देऊ, मी मनात ठरवत होतो, पाहिजे तर मी मागे बसेन. आई चहा घेऊन दारात उभी होती, तीही हसत होती.

शेवटच्या रिपिटेनंतर बाबांनी प्लेट दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवली. आख्खी गाडी स्टँडवर डुलली, प्लेट तसूभर हलली नाही. ते कपड्याला हात पुसत उठले. मी चाबी काढून त्यांच्यापुढे धरली.

"घ्या बाबा. हरलो मी."

त्यांनी चाबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कामावरच्या माणसासारखं, अदबीनं.

"मले काहून देता भाऊ? गाडी तुमची. न्या आता, निघत नाही ते."

जन्मात त्यांनी मला अहोजाहो केलं नव्हतं. आईनं कपबशी उंबऱ्यावर ठेवली.

"कोन्या गावचे तुमी?" त्यांनी विचारलं.

"वाडीचाच," मी म्हणालो.

"असं का? मीबी वाडीतच राहतो. या मंग कधी घरी."