मोडक्या खुर्च्यांची खोली

नव्या विधानसभेत सव्वीस बायका निवडून आल्या, हे ऐकून तिथल्या सफाईवाल्या मावशींनी आधी कपाळाला हात लावला. "अगंबाई! आणि या सगळ्या जाणार कुठे?"

गेल्या सभागृहात महिला आमदार तीनच. म्हणून इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांनी सभागृहाला लागून असलेलं बायकांचं स्वच्छतागृह मोडक्या खुर्च्यांनी भरून टाकलं आणि तिघींना धाडलं मागच्या इमारतीत. तिथेच घात झाला. कंत्राटी सफाईवाल्यांना बाळंतपणाची पगारी रजा देणारं विधेयक मतदानाला आलं, घंटा वाजली, दारं बंद झाली, आणि तिघींतली एक धापा टाकत बाहेरच राहिली. विधेयक एका मताने पडलं. त्याच महिन्यात मावशींची सून, तीही कंत्राटी सफाईवालीच, ओली बाळंतीण असताना टाके सुकायच्या आत बाजारात झाडू मारायला गेली. मावशींच्या जिवाला ते लागलं ते लागलंच. आता सुनेला पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि विधेयकही पहिल्याच अधिवेशनात पुन्हा येणार होतं.

मावशी साहेबांकडे गेल्या. "ती खोली रिकामी करा."

"बघू," साहेब म्हणाले. या माणसाच्या 'बघू'ला कधी डोळे फुटलेच नाहीत!

शपथविधीच्या आदल्या दिवशी मावशींनी कंबर कसली. एकेक खुर्ची फरफटत नेऊन साहेबांच्या केबिनसमोर रचली, फरशी घासली, गंजलेला नळ वाहता केला. साहेब आले, तर त्यांना केबिनमध्ये शिरताच येईना.

"कुणाला विचारून? कामावरून काढीन तुम्हाला!"

"काढा की. पण ती खोली मोडक्या खुर्च्यांनी का भरलीत, ते त्या सव्वीस जणींना तुम्हीच सांगा."

साहेबांचा पारा झरकन उतरला. खुर्च्या त्यांनी गुपचूप गोदामात पाठवल्या.

मग मतदानाचा दिवस उजाडला. घंटा वाजली तेव्हा सगळ्यांत तरुण आमदार नेमकी त्या खोलीत. मावशींनी दार बडवलं. "अगं, हात राहू देत ओले, पळ आधी!" आमदारबाईंना असं कुणी बोलतं का? पण मावशींना भान होतं कुठे! ती पळाली, सभागृहात शिरली आणि दार तिच्या पाठीमागे बंद झालं.

मावशी बाहेर फडकं मुठीत आवळून उभ्या. आतून बाकं वाजवल्याचा आवाज आला, तसा त्यांनी फोन लावला.

"सूनबाई, पास झालं गं! आता पोर रांगायला लागायच्या आत झाडूला हात लावलास, तर गाठ माझ्याशी आहे."