मोगऱ्यानंतरचा वास

हे मी अजून कोणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा ही एक गोष्ट बाजूला सारून बाकीचंच बोलते, जणू त्याला कळणारच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आजही सांगितलं नसतं, हे आधीच कबूल करून टाकते.

तशी मी भित्री बाई नाही हो. कामठ्यात कोणालाही विचारा. रेशनच्या दुकानात भांडायचं असलं की बायका मलाच पुढे करतात. ग्रामसभेत सरपंच माझ्याकडे न बघता बोलतो, कारण बघितलं की मी उठते. जीभ चालते माझी, चांगलीच चालते. मग जिथं एकच वाक्य बोलायचं होतं, तिथं ती टाळूला कशी चिकटली?

आधी भुमेश्वरीबद्दल सांगायला हवं. ती माझी धाकटी जाऊ. सालेकशाकडची, कचारगडच्या डोंगराच्या अलीकडे तिचं गाव. माझा दीर टेकचंद गोंदियात राइस मिलमध्ये मशीनवर होता. त्याच्याशी लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. आता लेक बारावीला आहे, म्हणजे किती काळ गेला ते तुम्हीच बघा.

भुमेश्वरीला वासाचं वेड होतं. टेकचंदनं नव्या नवलाईत तिला स्प्रेची बाटली आणून दिली, तर हिनं एकदा मारून ती आरशामागे ठेवून दिली. म्हणाली, "दीदी, लग्नात गेलं का साऱ्या बाया हाच वास मारून राहिल्या. मंग मी कोणती, हे कसं समजन?" मला हसू आलं. वासावरून कोणी कोणाला ओळखतं का? पण तिला स्वतःचा वास हवा होता, दुसऱ्या कोणाच्या अंगाला येणार नाही असा. गोंदियाच्या बाजारातून तिनं अत्तराच्या बोटाएवढ्या दोन बाटल्या आणल्या, एक मोगऱ्याची आणि एक खसची. तिसरी वस्तू तिनं माहेराहून आणली, पिशवीच्या तळाशी, साडीत गुंडाळून. मोहफुलं.

इथं थोडं थांबते. आमच्याकडे चैत्रात घरोघरी अंगणात मोहफुलं वाळत पडलेली असतात. त्यात काही लाज नाही. पण आमच्या घराचं वेगळं होतं. सासऱ्यांना मोहाच्या दारूनं नेलं. मी त्यांना फोटोतच पाहिलं. माय — सासूला आम्ही माय म्हणतो — हिनं त्यांचं सगळं काढलं, उलट्यांपासून शिव्यांपर्यंत. तेरवी झाली आणि तिनं बांधावरचं मोहाचं झाड मुळापासून तोडवलं. त्यानंतर त्या घराच्या उंबऱ्याआत मोहाचं एक फूल आलं नाही. बैलांना चारायलाही नाही.

भुमेश्वरीला हे ठाऊक होतं, मलाही होतं. पण तिचं म्हणणं, फूल म्हणजे काही दारू नव्हे. पहाटे टोपली घेऊन ती आईबरोबर मोह वेचायला जायची, आणि आई तिच्या लग्नाआधीच गेली होती. तिला तो वास आईच्या लुगड्याला यायचा तसा हवा होता. मग मी काय केलं? नको म्हणायला हवं होतं, मोठी जाऊ होते मी. मी तिळाचं तेल काढून दिलं.

माय दुपारी शेतावर गेली की आमचा कारखाना सुरू. तेलात फुलं भिजवून बाटली छतावर उन्हात ठेवायची, मग जुन्या मलमलच्या पदरातून गाळायची, पुन्हा नवी फुलं टाकायची. तेल गडद झालं की त्यात खसचे थेंब आणि सगळ्यात शेवटी मोगरा. मनगटावर लावलं की मी लगेच नाकाला न्यायची आणि ती माझा हात ओढायची. लगेच नाही घ्यायचा वास. भात शिजेपर्यंत थांबायचं. आधी मोगरा येतो आणि पाहुण्यासारखा निघून जातो. त्यानंतर खस, थंड, ओल्या पडद्यासारखा. आणि सगळं उडून गेल्यावर, अंग तापल्यावर, तो तिसरा वर येतो — गोड, जड, थोडा आंबूस. सकाळी लावलं तर दुपार कलल्यावर. तिला तोच हवा होता. बाकीचे दोन त्याला झाकायला होते.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या. एवढं हसणं मी माहेरीही हसले नव्हते. मग मी तिचं वाईट का केलं, असं तुम्ही विचाराल. थांबा, येते मी तिथं. मलाच तिथं यायला वेळ लागतो आहे.

झालं असं की तोच वास माझ्या अंगावर वेगळा यायचा. माझ्यावर खस टिकायचा आणि बस्स, मोह वर यायचाच नाही. तिच्यावर मात्र तो फुलायचा. आणि माझी लेक, जिला मी पोटात वाढवलं, ती माझ्याकडे रडून रडून लाल व्हायची आणि भुमेश्वरीच्या खांद्यावर नाक खुपसून गप्प झोपायची. "द्या दीदी, मी घेतो," म्हणत ती हात पुढे करायची. मी लेक द्यायची, आणि पाठ वळवून भाकऱ्या थापायची. मनात काय चालायचं ते तव्यालाच माहीत.

मग नणंदेचं फलदान, म्हणजे साखरपुडा, ठरलं. वैशाखाचं ऊन, दारात मांडव, तिरोड्याकडचे पाहुणे. त्या दिवशी सकाळी भुमेश्वरीनं वास लावला आणि कामाला जुंपली. तिच्यानंतर मी कोनाड्यातून बाटली घेतली, मनगटांना लावली, आणि पाहुण्यांची पोरं हात घालतील म्हणून माझ्या आलमारीत, परकराच्या घडीखाली ठेवून कुलूप लावलं. तेवढं तरी मी वाईट मनानं केलं नव्हतं. पण हे सांगून स्वतःला सोडवून घेत नाही मी.

पंगत उठायला दुपार कलली. मांडवाखाली भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. भुमेश्वरी पहाटेपासून वाकून वाकून वाढत होती, घामानं चिंब. पाहुण्यांतली एक म्हातारी, नवऱ्या मुलाची आत्या, पान लावून घेत होती. भुमेश्वरी तिच्याजवळ वाकली आणि म्हातारीनं नाक आक्रसलं. मी ते पाहिलं. मग ती उठली, मायला कोपऱ्यात घेतलं आणि कानाशी काहीतरी बोलली. मायचं तोंड पांढरं झालं. मला एकही शब्द ऐकू आला नव्हता — तरी मला सगळं कळलं.

आणि पहिलं काय केलं मी? न्हाणीत गेले. कपड्याच्या साबणानं दोन्ही मनगटं घासली, लाल होईपर्यंत. कोणी माझा वास घेतला नव्हता, घेणारही नव्हतं.

मायनं आम्हा दोघींना मागच्या खोलीत बोलावलं. टेकचंद दारात उभा. बाहेर पाहुणे, म्हणून सगळं हळू आवाजात — ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. माय म्हणाली, "पाव्हणे घरात बसून आहेत आन तू पिऊन राहिली व?"

भुमेश्वरी आधी हसलीच. तिला खरंच वाटलं, गंमत आहे. मग मायच्या डोळ्यांत पाहिलं तिनं. "अत्तर होय माय," ती म्हणाली, "मोहफुलाचं तेल आहे त्यात. माही चूक झाली. पण मी पेली नाही. दीदीले विचारा, दीदीले मालूम आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मायनं पाहिलं. दिरानं पाहिलं.

मी म्हणाले, "मले काय मालूम."

एवढंच. यात खोटं किती मावतं, बघा तुम्ही.

माय म्हणाली, बाटली दाखव. भुमेश्वरी धावत कोनाड्याकडे गेली. कोनाडा रिकामा. तिनं आरशामागे पाहिलं, तिला तो फुकाचा स्प्रे सापडला. टेकचंदनं तिची पेटी उपसली, साड्या जमिनीवर फेकल्या. ती गुडघ्यांवर बसून एकेक साडी झटकत होती आणि म्हणत होती, "इथंच होती, माय शपथ, इथंच होती." माझ्या कमरेला आलमारीची किल्ली होती. आलमारी हातभर अंतरावर. मला फक्त वळायचं होतं.

भीती वाटली? वाटली ना. घरात आणलेला मोह भिजवायला तेल मीच दिलं होतं. मायनं मलाही उभं चिरलं असतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की घाबरले, मूग गिळून बसले, माणूस घाबरतो. पण हे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगायला तर बसले आहे.

ती साड्या झटकत होती तेव्हा मला बरं वाटलं.

क्षणभर. पण वाटलं. हिच्याच अंगावर फुलतो ना, फुलू दे आता — असं मनात आलं, याच शब्दांत. तेवढ्या क्षणात पाळण्यातली लेक उठून रडायला लागली. भुमेश्वरी सवयीनं तिच्याकडे वळली, आणि मी पुढे होऊन लेकीला उचललं. तिला हात लावू दिला नाही. दिरानं ते पाहिलं, आणि मला वाटतं, त्याचं मन तिथंच ठरलं. मोठी वहिनीच पोर हातात देत नाही म्हटल्यावर त्याला आणखी कोणता पुरावा हवा होता?

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. नणंदेचं लग्न झालं, थाटात झालं. लेक कितीतरी दिवस रडत राहिली. एकदा दार लावून मी ते तेल मानेला चोळलं आणि तिला खांद्यावर घेतलं. तिनं नाक लावलं, आणि आणखीच मोठ्यानं रडली.

बाटली तेव्हाही काढता आली असती. सापडली म्हणाले असते, परकरात गेली होती म्हणाले असते, अर्धं खरंही होतं ते. पावसाळ्यात तिचा भाऊ समेटाला आला. मी त्याला चहा दिला, साखर नीट आहे का विचारलं. त्याची मान खाली होती. बहिणीनं दारू पिऊन घराला बट्टा लावला, हे तो ऐकून घेत होता. तो गेला आणि मी ती बाटली शेणखताच्या खड्ड्यात उपडी केली. पुढे काडीमोड झाला. दिराचं दुसरं लग्न लागलं, त्यात हळद मी लावली. माय आता थकली आहे, तिला दिसत नाही. ती अजून कधीतरी म्हणते, "ते सालेकशावाली चांगली होती, पण दारूनं नेली." मी तिचे पाय दाबते.

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या कॉलेजच्या कामाला गोंदियाला गेले होते. परतताना, पाणी घ्यायला स्टेशनात शिरले. डोंगरगडकडच्या गाडीच्या फलाटावर एक बाई बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. उठली, वाकून नमस्कार केला आणि लगेच दोन पावलं मागे सरकली. बोलताना पदर तोंडावर धरला. मला वाटलं, सर्दी असेल. पण चहावाल्याशी बोलतानाही तसंच, तिकिटाचं विचारणाऱ्या म्हाताऱ्याशीही तसंच. लांब उभं राहून, तोंड वळवून, पदराआडून. मग मला कळलं. अंगाला कसलाच वास नव्हता तिच्या. साबणाचासुद्धा नाही.

भावाकडे राहते, म्हणाली. अंगणवाडीत स्वयंपाकाचं बघते. लेकीचं विचारलं. बारावीला आहे म्हटल्यावर डोळे भरले तिचे, पदराच्या वर तेवढेच दिसत होते. मग गाडीची घोषणा झाली, आणि घाईघाईनं, जणू याचसाठी ती इतकी वर्षं थांबली होती, ती म्हणाली,

"दीदी, ते बाटली माह्याच हातानं कुठीतरी पडली असन. बाटली सापडली असती तं तुमी बोलल्याच असत्या, मले मालूम आहे. उगाच तुमचं नाव घेतलं मी सासूपुढं. तुमी राग तं नाही न धरला?"

गाडी फलाटाला लागत होती. माणसं धक्के देत होती. ती उभी होती, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाही व. कायले राग धरू?"